शिवरात्रीची कवठाची चटणी

महाशिवरात्र. सराफा, इंदूर.

उपासाच्या पानात आज पहिला मान कवठाच्या चटणीचा. पिकलं कवठ वीतभर उंचीवरून फरशीवर टाकलं तर उसळत नाही, कच्चं उसळतं. शिवाय पिकल्याचा वास घरभर सांगतोच. फोडून गर काढला, रेषा वेचल्या, बिया तशाच ठेवल्या. गराच्या जवळजवळ बरोबरीनं गूळ, भाजलेलं जिरं, लाल तिखट, सैंधव. गर मुळातच दाट, त्यात पेक्टिन भरपूर, म्हणून शिजवायचं कारण नाही. मिक्सर मला इथे मान्य नाही. हातानं कुस्करलं की आंबट, तुरट आणि गोड वेगवेगळं जिभेला कळतं.

रात्री सराफांच्या पेढ्या बंद झाल्या की त्यांच्यासमोरच खाण्याची दुकानं मांडली जातात. तिथली साबुदाण्याची खिचडी आपल्यासारखी तुपात परतलेली नसते. वाफेवर फुललेली, वर मसाला, फराळी मिक्श्चर, लिंबू. ती बांधून आणली आणि शेजारी चटणी वाढली. लिंबू पिळावंसंच वाटलं नाही! माळव्याची खिचडी आणि आपली चटणी इतकी जुळतात, की उद्या वाटीभर शेजारीही धाडणार आहे. कवठाचा हंगाम आता थोडाच उरलाय.