चिवड्याचं वजन

रात्रीचे साडेअकरा. जेवणाच्या टेबलावर वजनकाटा, मोजपट्टी आणि चिवड्याचा खोका. सदाशिव पेठेतल्या घरातून ऑनलाइन फराळ विकायला लागल्यापासून दिवाळीआधी हे रोजचंच.

बेसनाचे लाडू सरळ स्वभावाचे. दोन किलो म्हणजे दोन किलो. चिवडा लबाड. काट्यावर दीड किलो भरतो, पण कुरिअरवाले खोकाही मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. ३० × २५ × २० म्हणजे चक्क ३ किलो! दोन्हींत जे जास्त, त्याचे पैसे. निम्मं भाडं हवेचं. गेल्या वर्षी हे उमगेपर्यंत फरक मीच भरत होते.

आता गिऱ्हाइकाला आधी पिनकोड विचारते. तोही मराठी माणसाच्याच डोक्यातून आलेला, श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या. १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू. सुरुवातीच्या ४ या आकड्यात पणजीही येते आणि रायपूरही. भाडं एकच कसं लावणार?

लेक म्हणते, "डिलिव्हरी फ्री लिही." लिहीन, पण मग ते पैसे चिवड्याच्या भावात घालायचे, आणि शेजारच्या काकूंनी रायपूरचं भाडं भरायचं? नकोच.

उद्या बोहरी आळीतून पाच सेंटिमीटर बुटके खोके आणते. हिशेब सव्वादोन किलोवर येतो.