पासवर्ड आम्हालाही दिसत नाही

लातूर-नांदेडच्या क्लासेससाठी आणि पतसंस्थांसाठी मी सॉफ्टवेअर लिहितो. प्रवेश सुरू झाले की ऑफिसातून हमखास फोन येतो : "सर, पालक समोर बसलेत. त्यांचा पासवर्ड बघून सांगा की." मला दिसत नाही म्हटलं, की त्यांना वाटतं, हा टाळतोय.

पण ते तसंच असावं लागतं. सर्व्हरला पासवर्ड परत वाचायचा नसतो, नुसता पडताळायचा असतो. म्हणून बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२ यांसारखी पद्धत वापरून त्याचा हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ पासवर्ड उलटा काढता येत नाही असा ठसा, ठेवायचा. दर पासवर्डाला वेगळं सॉल्ट, म्हणजे कशीही निवडलेली जादा अक्षरं, लावलं, की दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश निराळे पडतात. मॉरिस आणि थॉम्पसन या संगणकतज्ज्ञांनी हे १९७९ सालीच लिहून ठेवलंय. तरीही २०१३ साली अडोबीकडून फुटलेल्या सुमारे १५ कोटी नोंदींत पासवर्ड एकाच चावीनं एन्क्रिप्ट केलेले निघाले. चावी न मिळताही लोकांनी त्यातले कितीतरी ओळखले. कारण सारखे पासवर्ड सारखेच दिसत होते आणि शेजारी, आठवण राहावी म्हणून वापरणाऱ्यांनीच लिहिलेल्या खुणा उघड्या पडलेल्या!

खातेक्रमांकाचं तसं नाही. तो परत वाचावा लागतो, म्हणून एन्क्रिप्शन आलं, आणि चावी आली. खरी डोकेदुखी इथं आहे. चावी कोडशेजारच्या सेटिंग फाइलमध्ये, फाइल रात्रीच्या बॅकअपमध्ये आणि बॅकअप कुणाच्या तरी पेनड्राइव्हवर, हे मी फार ठिकाणी पाहिलंय.

संचालकांना मी त्यांच्याच तिजोरीचं सांगतो : एक किल्ली मॅनेजरकडे, दुसरी कॅशियरकडे. लगेच पटतं. सर्व्हरवरही माहिती एकीकडे आणि चावी दुसऱ्या मशीनवर किंवा क्लाउडच्या चावी सांभाळणाऱ्या सेवेत ठेवायची. कुणी, कधी मागितली याची नोंद राहते, माणूस नोकरी सोडून गेला तर चावी बदलता येते. अर्थात ती मागायचा अधिकार कुठंतरी ठेवावाच लागतो, म्हणजे शेवटी कुणावर तरी भरवसा आलाच. 'शंभर टक्के सेफ' म्हणणाऱ्याला हे काम कळलेलं नाही, असं माझं मत.

तुमच्या क्लासच्या किंवा पतसंस्थेच्या अ‍ॅपवर एकदा 'पासवर्ड विसरलात?' दाबून बघा. मोबाइलवर तुमचा जुनाच पासवर्ड आला, तर सॉफ्टवेअरवाल्याला आजच जाब विचारा.