आज जे पिकलंय, तेच ताटात!

दोस्तांनो, हॉटेलात गेल्यावर तुम्ही सगळ्यांत आधी काय करता? कार्ड मागता! मग त्या लांबलचक यादीतून बोट फिरवत फिरवत 'हे हवं, ते नको' असं ठरवता. बारा महिने तेरा काळ ती यादी तीच असते. जानेवारीत जा नाहीतर जूनमध्ये जा, पनीर, नूडल्स आणि मंचुरियन तुमची वाट बघत असतात.

पण कार्डच नसलेली खानावळ तुम्ही पाहिलीय का? तिथं 'काय काय आहे?' असं विचारलं, की मालकीणबाई परसाकडे बघून उत्तर देतात! चला तर मग, या उन्हाळ्यात तुम्हाला अशा खानावळीत नेतो. त्यासाठी जायचं आहे तळकोकणात, सिंधुदुर्ग जिल्ह्यात. रेल्वेनं जाणार असाल, तर कुडाळ किंवा सावंतवाडी रोड स्टेशनवर उतरा. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि हा प्रवास सोपा झाला. स्टेशनवरून मालवण-वेंगुर्ल्याकडे निघालात, की लाल मातीचे रस्ते, चिऱ्याची घरं आणि मधूनमधून पाट्या दिसू लागतात : 'घरगुती जेवण मिळेल'.

पाटीमागे बहुतेक वेळा एक घरच असतं. पडवीत चार-पाच टेबलं, पुढे सारवलेलं खळं, मागे माड, फणस, रातांब्याचं झाड आणि विहीर. चुलीपाशी काकू असतात, वाढायला त्यांची सून किंवा मुलगा. भाजी आणायला बाजारात कोण जातं? फारसं कुणीच नाही. परसात, शेजारच्या वाडीत आणि फार तर आठवड्याच्या बाजारात जे मिळेल, ते चुलीवर चढतं.

उन्हाळा एकच असतो, असं तुम्हाला वाटतं ना? काकूंना विचारा. त्यांच्या चुलीवर तीन उन्हाळे असतात!

मार्चमध्ये गेलात, तर ताटात ओल्या काजूगरांची उसळ असेल. आपण खातो तो काजू वाळवलेला आणि भाजलेला. ओला काजूगर त्याहून मऊ आणि किंचित गोडसर लागतो. त्याच सुमाराला कोवळा फणसही निघतो. त्याला म्हणतात कुयरी. तिची भाजी करायची, तर आधी हाताला आणि कोयत्याला खोबरेल तेल चोपडावं लागतं, नाहीतर फणसाचा चीक असा चिकटतो, की विचारू नका!

एप्रिलमध्ये कैरी आली. मग पन्हं आलं, कैरीची डाळ आली. सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या माळावर, काळी करवंदं पिकू लागली.

आणि मे महिना म्हणजे नुसती धमाल! हापूस, पिकलेले फणस, जांभळं, लालबुंद रातांबे, सगळे एकदम. हापूसला पिकवण्यासाठी गवताच्या अढीत घालतात. फणसाचे दोन भाऊ असतात : कापा आणि बरका. काप्याचे गरे कुरकुरीत, तर बरक्याचे मऊ, रसाळ, घशातून सरकन खाली उतरणारे. बरक्याच्या रसाची फणसपोळी घालतात. आतल्या बिया म्हणजे आठळ्या. त्या भाजून खातात, भाजीत घालतात. काटेरी साल गुरांच्या पुढ्यात जाते. सांगा बघू, फणसातलं वाया काय गेलं?

आता ताट वाढलंय, बसा. उकड्या तांदळाचा भात. हा भात थोडा तांबूस आणि जाडसर असतो. भात सालासकट उकडून, वाळवून मग कांडतात, म्हणून तो 'उकडा'. शेजारी कुळथाची पिठी. भातकापणी झाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर कुळीथ पिकतो. एका बाजूला कच्च्या गऱ्यांची भाजी, वर ओलं खोबरं. दुसऱ्या बाजूला आंब्याचं सासव. 'सासव' म्हणजे मोहरी. छोटे पिकलेले आंबे सोलून अख्खे घालायचे आणि त्यात खोबरं, मिरची, मोहरी यांचं वाटण व गूळ. आंबट, गोड, तिखट आणि नाकात झणझणीत! आणि शेवटी वाटीभर गुलाबी सोलकढी. नारळाचं दूध आणि कोकमाचा आगळ यांची ती मैत्री आहे.

इथंच बहुतेक वेळा एक गंमत घडते. पुण्या-मुंबईहून आलेला, तुमच्याच वयाचा एखादा मुलगा ताटाकडे बघतो आणि हळूच विचारतो, "काकू, पनीर नाही का?"

"पनीर? तां आमच्या झाडाक लागणा नाय रे!" काकू हसत म्हणतात. "आदी ह्या खावन तर बघ."

मुलगा सासवाची कोय चोखून बघतो. मग दुसरी मागतो. पण प्रत्येक वेळी गोष्ट अशी गोड संपत नाही बरं का! कधीकधी पाहुणे उठून हमरस्त्यावरच्या हॉटेलात जातात. मग काकूंचा मुलगा म्हणतो, "आई, आपणही कार्ड छापूया. पनीर ठेवूया. लोक तेच मागतात." त्याचंही काही चुकत नाही. घर चालवायचं, तर पाहुणे टिकायला हवेत ना?

काकूंचं उत्तर मात्र लक्षात ठेवण्यासारखं असतं. "छाप रे. पण वर तारीख घाल. उद्या दुसरा छापूक लागतला!"

या तारीखवाल्या कार्डाची गोष्ट फक्त कोकणातलीच आहे असं समजू नका. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात बर्कले नावाचं गाव आहे. तिथं अ‍ॅलिस वॉटर्स या बाईंनी २८ ऑगस्ट १९७१ रोजी 'शे पनीस' नावाचं उपाहारगृह उघडलं. (यातल्या 'पनीस'चा आपल्या पनीरशी काही संबंध नाही हं!) तिथल्या खालच्या दालनात ठरलेलं एकच जेवण मिळे, आणि ते रोज बदलत असे. कारण? आसपासच्या शेतकऱ्यांकडून त्या दिवसांत जे उत्तम मिळेल, तेच शिजवायचं, असा बाईंचा हट्ट. हळूहळू 'शेतातून थेट ताटात' ही कल्पना जगभर पसरली. १९९५ साली याच बाईंच्या पुढाकारानं बर्कलेमधल्या एका शाळेत मुलांनी मळा केला आणि स्वयंपाकघर थाटलं. मुलं तिथं पेरतात, खुडतात आणि शिजवतातही. आज मोठ्या शहरांतली महागडी हॉटेलं ही कल्पना अभिमानानं मिरवतात. आमच्या काकूंना मात्र तिचं इंग्रजी नावही ठाऊक नसतं. त्यांच्या सासूबाई असंच करायच्या, म्हणून त्याही करतात.

आता तुम्ही विचाराल, एवढं कशाला? पनीर खाल्लं काय आणि फणस खाल्ला काय, पोट भरल्याशी कारण! थांबा, एक छोटासा हिशेब करू.

पनीर घाटावरून येतं. त्याचे पैसे घाट चढून परत जातात. ओल्या काजूच्या उसळीचे पैसे कुठे जातात? ते शेजारच्या वाडीत जातात. काजूच्या सालीत एक झोंबरं तेल असतं. ते हाताला लागलं, तर कातडी भाजल्यासारखी सोलपटते. म्हणून बाया हाताला तेल किंवा राख लावून, एकेक बी चिरून, आतला गर अलगद काढतात. शंभर गर काढायला किती वेळ लागेल, कल्पना करा! ओले काजूगर महाग का असतात, ते आता कळलं? पाहुण्यांनी उसळ मागितली, तर त्या हातांना काम मिळतं.

आणि झाडांचं काय? हापूसची काळजी नको. त्याला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, देशोदेशी त्याचं नाव आहे. पण सासवातला तो छोटा आंबा आठवतोय? तो रायवळ. कुणी कलम न करता, कोयीतून उगवलेला. गंमत म्हणजे प्रत्येक रायवळ झाडाची चव वेगळी! एखादं खोबऱ्यासारखं, एखादं आंबटढाण, एखादं मधासारखं. गावात अशा झाडांना नावंही असतात. पण हा आंबा लहान, धागेदार आणि नाजूक. पेटीत भरून मुंबईला पाठवता येत नाही. बाजारात त्याला भाव नाही. मग त्याचा उपयोग कुठे? स्वयंपाकघरात! सासवात, रसात, साठांत. ज्या दिवशी स्वयंपाकघर त्याला विसरेल, त्या दिवशी मालकाला त्या झाडात आंबे दिसणार नाहीत, फक्त लाकूड दिसेल. कुऱ्हाड पडली, तर ती चव संपली. कारण तसं दुसरं झाड जगात कुठेच नसतं. आपण खाल्लं, तर झाड उभं राहतं. आहे की नाही अजब न्याय?

काकू काही अडून बसणाऱ्या नाहीत हं. कांदा, चणाडाळ, साखर घाटावरूनच येते. मिरची तर मुळात अमेरिका खंडातली. आणि ज्या काजूला आपण कोकणचा म्हणतो, तो सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून इकडे आणला! तेव्हा 'परकं नकोच' असा हा हट्ट नाही. दारात जे पिकलंय त्याला पहिला मान, एवढंच.

जेवण झालं, की खळ्यात चला. तिथं बघा, मे महिन्याच्या उन्हात लाल सालं वाळत पडलीत. ही आमसुलं. पिकलेला रातांबा फोडून आतला गर आणि बिया वेगळ्या करतात. त्याच्याच रसात मीठ घालून सालं भिजवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा रसात बुडवायची, पुन्हा वाळवायची. याला पुटं देणं म्हणतात. अशी बरीच पुटं दिली, की काळंभोर, आंबट आमसूल तयार. बियाही फेकत नाहीत. त्या कुटून पाण्यात उकळल्या, की तेल वर तरंगतं आणि थंड झाल्यावर घट्ट होतं. मुठीत दाबून त्याचे गोळे करतात, म्हणून त्याचं नाव मुठेल! पायाच्या भेगांवर आज्या तेच चोळतात.

ही सगळी धावपळ आगोटीची. आगोट म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरचे दिवस. तळकोकणात पाऊस साधारणपणे जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो. त्याआधी वाळवण डब्यात गेलंच पाहिजे. पण आभाळ नेहमी वेळ पाळत नाही. २०२१ साली मे महिन्याच्या मध्याला 'तौक्ते' चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेलं आणि झाडावरचे आंबे जमिनीवर आले. २०२५ साली तर मोसमी पाऊस २५ मे रोजीच सिंधुदुर्गात पोचला! वाळवणाचे ऐन दिवस पावसात गेले. शहरातल्या हॉटेलाला अशा पावसानं फरक पडत नाही, शीतकपाट भरलेलं असतं. इथं मात्र आमसूल वाळलं नाही, तर वर्षभराच्या सोलकढीचा प्रश्न! म्हणून काकू जेवण वाढता वाढताही एक डोळा आभाळाकडे ठेवतात.

मित्रांनो, तुम्ही कोकणातले नसलात म्हणून काय झालं? तुमच्याही गावाला स्वतःचा उन्हाळा आहेच. विदर्भात जंगलाकाठी टेंभुर्णी आणि चारोळी असते, पालघरकडे ताडगोळे, सह्याद्रीच्या घाटांत करवंदं-जांभळं. या सुट्टीत एक वही करा. रोज जेवताना आई-बाबांना किंवा आजीला एकच प्रश्न विचारा : 'आजच्या ताटातलं आपल्या तालुक्यात काय पिकलं?' त्याखाली तारीख घाला. महिनाभरात तुमच्या गावाचं तारीखवार कार्ड तयार होईल. त्यात एखादा असा पदार्थ नक्की सापडेल, जो फक्त आजीलाच येतो. तो तिच्या शेजारी बसून शिकून घ्या.

आणि पालकहो, कोकणात गेलात, तर जेवण मागवताना एवढंच म्हणा, "काकू, आज तुमच्याकडे काय आहे?" हा प्रश्न ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरतो, तो मुलांना जरूर दाखवा!