काडी

दर शनिवारी संध्याकाळी अक्का आणि मी बियर करतो. तंजावरात हे वाक्य मोठ्याने म्हणायची सोय नाही, म्हणून लगेच सांगून टाकते: आल्याची बियर. आलं, साखर, लिंबू, पाणी. दोन दिवसांत बाटली फ्रिजमध्ये गेली की तिच्यात फेस असतो, घशाला झणका असतो. नशा म्हणावी असं काही नसतं.

खऱ्या बियरची हौस अक्काला होती. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. तिचा भाचा परदेशात घरी बियर करतो. सुट्टीवर आला तेव्हा त्याने तिला सगळं समजावलं: मोड आणून वाळवलेलं जव पासष्टेक अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं, म्हणजे पिठूळ भागाची साखर होते; मग ते पाणी गाळून, हॉप्सची फुलं घालून उकळायचं, निववायचं आणि त्यात यीस्ट सोडायचं. "हे तर नुसतं प्रॅक्टिकल आहे," अक्का म्हणाली. पण त्या यीस्टला वीस अंशांची खोली हवी, आणि आम्हाला परवाना. १९३७ सालच्या दारूबंदी कायद्याने इथे परवान्याशिवाय दारू करणं हा गुन्हा आहे. कायदा तोच, आणि दारूची दुकानं सरकारच चालवतं. ताडीवर १९८७ पासून बंदी. रस्त्याकडेला पदनीर मिळतं, म्हणजे आपली नीरा. ती आंबू नये म्हणून झाडावर बांधलेल्या मडक्याला आतून चुना फासतात. "इथे चुन्यालासुद्धा पोलिसाची नोकरी," अक्का म्हणाली, आणि आम्ही आल्यावर आलो.

कृती सोपी आहे. आलं सालीसकट किसायचं, कारण आंबवणारे जीव सालीवरच असतात. बरणीत पाणी, त्यात चमचाभर आलं, चमचाभर साखर. रोज तेवढीच भर घालायची आणि वर फडकं बांधायचं. पुस्तकं पाच दिवस सांगतात, तंजावरच्या मे महिन्यात दुसऱ्याच दिवशी बुडबुडे येतात. हे झालं विरजण. मग आलं-साखरेचं पाणी उकळून पूर्ण गार करायचं, लिंबू पिळायचं, विरजण गाळून घालायचं आणि सोड्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांत भरायचं. बाटली दाबून दगडासारखी लागली की फ्रिजमध्ये. काचेची बाटली आम्ही एकदाच वापरली. छतावरचा डाग अजून आहे.

मी इथे आले ती सरस्वती महाल ग्रंथालयासाठी. व्यंकोजीराजांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतलं, १८५५ पर्यंत इथे भोसल्यांचं घराणं होतं, आणि त्यांच्या काळातली मराठी हस्तलिखितं, मोडी कागद अजून या वाड्यात आहेत. बृहदीश्वराच्या देवळात भोसल्यांचा इतिहास १८०३ साली मराठीत दगडावर कोरलेला आहे. शहाजीराजांच्या मराठी नाटकांवर काम करायचं म्हणून सहा महिन्यांसाठी आले आणि सहा वर्षं राहिले. अक्का तिथेच भेटली. तिच्या घराण्यात दहा-बारा पिढ्या मराठी बोलली जाते. "अक्का" हा शब्द आम्हा दोघींच्याही घरचा, त्यामुळे तेवढा एक शब्द पहिल्या दिवसापासून बिनतक्रार चालला. बाकीच्या शब्दांचं तसं नव्हतं. तिची मराठी मला तमिळ हेलाची वाटायची, माझी तिला रेडिओवरच्या बातम्यांसारखी.

दोन वर्षांपूर्वी तिने मला आपल्या आजीची वही दिली. लोणची, पोड्या, बाळंतिणीची औषधं. भाषा मराठी, लिपी तमिळ. "हिची नीट मराठी प्रत करून दे," ती म्हणाली. "आमच्या पोरांना आजीचं अक्षर लागत नाही, मलाही फारसं लागत नाही."

तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर. काडी, गाडी, खाडी सगळं एकसारखंच लिहायचं, आणि वाचणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचं. मला यात मौज वाटत होती. प्रत्येक ओळ कोड्यासारखी सोडवत गेले. आल्याच्या लोणच्याच्या कृतीत आलं होतं, मीठ होतं, वाळल्या मिरच्या होत्या आणि शेवटी चार अक्षरांएवढा मजकूर: "वर काडी." लोणच्यात गाडी जाणार नाही, खाडीही जाणार नाही. काडी म्हणजे दालचिनीची काडी. मी तसं लिहून टाकलं.

अक्काने टाइप केलेली प्रत वाचली. "आल्याच्या लोणच्यात दालचिनी? आजीकडे कधी खाल्ली नाही."

तेव्हा मी जे बोलले ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. "वहीत तसंच आहे, अक्का. तुमच्याकडची मराठी बिघडत गेलीय ना, त्यामुळे आजींना काय म्हणायचंय ते मलाच लावून घ्यावं लागतं."

तौलनिक साहित्यात एम.ए. केलेली बाई. केंद्र आणि परीघ यांवर परीक्षेत पानंच्या पानं लिहिलेली.

अक्का काही बोलली नाही. जाताना वही मागून घेतली, "भाच्याला दाखवायचीय" म्हणून. शनिवार चालू राहिले. पण ती माझ्याशी इंग्रजीत बोलू लागली. शुगर, लेमन, बॉटल. आलंसुद्धा जिंजर झालं. भांडलो असतो तर मला माफी मागता आली असती. भांडण झालंच नव्हतं. फक्त भाषा बदलली होती. मीही विषय काढला नाही. आपण बोललो ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं, असं मी स्वतःला सांगत राहिले.

गेल्या उन्हाळ्यात ती तीन-चार आठवडे चेन्नईला गेली. आदल्या शनिवारी एक मोठी बरणी लावून ठेवली होती, नुसतं फडकं बांधलेली. बाटल्या भरायचं काम माझ्याकडे होतं. एकटीने करावंसं वाटेना. बरणी ओट्याच्या कोपऱ्यात तशीच राहिली.

ती परत आली तेव्हा फेस केव्हाच गेला होता. वर पातळ साय धरली होती आणि वास नाकात शिरत होता. साखरेचं मद्य झालं होतं आणि उघड्या हवेत मद्याचं आम्ल. अक्काला हे मी सांगायची गरज नव्हती. मी ओशाळून म्हटलं, "सॉरी, बिघडली."

तिने साय बाजूला करून बोट बुडवलं, चाखलं, आणि वर्षभरात पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलली.

"बिघडली नाही गं. काडी झाली."

"काय झाली?"

"काडी. आजी म्हणायची. भाताचं पाणी मडक्यात राहून राहून असं आंबट झालं की…" ती थांबली. आम्ही दोघी एकाच वेळी थांबलो.

तमिळमध्ये काडी म्हणजे आंबून आंबट झालेलं पाणी, शिरका. घरातून तो शब्द इतका मागे पडला होता की अक्काच्याही तोंडी राहिला नव्हता; आता सगळे व्हिनेगरच म्हणतात. मी अक्षर बरोबर लावलं होतं. भाषा चुकली होती. आजींनी मराठी वाक्यात तमिळ शब्द सहज लिहिला होता, कारण त्यांच्या स्वयंपाकघरात तो त्याच नावाने मडक्यात होता. आणि मी त्यांच्या लोणच्यात दालचिनी घातली होती.

"अक्का," मी म्हटलं, "त्या दिवशी मी जे बोलले…"

"ते माहीत आहे," ती म्हणाली. "आधी ही गाळ."

आम्ही ती दोनदा फडक्यातून गाळली. पुढच्या शनिवारी तिने वही आणली. आलं चिरलं, मीठ लावलं, वाळल्या मिरच्या मोडून घातल्या, वर काडी. आठवड्याने चाखून अक्का म्हणाली, आजीची भाताची होती, ही आल्याची, म्हणून जरा वेगळं लागतंय. पण ओळखू येतंय.

वही परत माझ्याकडे आहे. पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली आहे. या वेळी अक्का शेजारी बसते आणि मी प्रत्येक ओळ मोठ्याने वाचते. कधी ती हसते, कधी "हे मलाही माहीत नाही" म्हणते. तिथे मी जागा कोरी सोडते. आतापर्यंत अकरा जागा कोऱ्या आहेत.