होनहारांची यादी



विश्वस्त मंडळाच्या मागच्या बैठकीत एक सूचना आली. वार्षिक परीक्षेच्या गुणांवरून आठवीतली तीस होनहार मुले निवडावीत, नववीत त्यांची वेगळी तुकडी करावी आणि शाळेतले उत्तम शिक्षक त्या तुकडीला द्यावेत, म्हणजे दहावीचा निकाल उंचावेल. सूचना सद्हेतूने आली आहे. आसपास इंग्रजी माध्यमाच्या शाळा वाढल्या आहेत, आपली पटसंख्या पूर्वीसारखी राहिलेली नाही, आणि पालक निकाल पाहूनच शाळा निवडतात, हे मला रोज दिसते. तरीही मी बैठकीत थोडा वेळ मागून घेतला. माझे म्हणणे आज इथे सविस्तर मांडते. मात्र त्यासाठी तुम्हाला जरा लांब, अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मैदानावर यावे लागेल.

बेसबॉलचा आणि माझा संबंध काय, असे तुम्ही विचाराल. तीन वर्षांपूर्वी मुलीच्या बाळंतपणासाठी रजा घेऊन मी सेंट लुईस शहरात दोन महिने राहिले. बाहेर बर्फ, आत बाळ झोपलेले, आणि आमचे जावई संध्याकाळी कार्डिनल्स या तिथल्या संघाच्या पोरांची यादी उघडून बसलेले. कोण यंदा वर जाईल, कोण मागे पडेल, याचा हिशेब चाले. पहिल्या दिवशी मला वाटले, हा कुठल्यातरी परीक्षेचा निकाल आहे. आठवड्याभरात कळले की तो निकाल नव्हे, अंदाज आहे. मग मलाही त्यात रस वाटू लागला, कारण गेली तीस वर्षे मी तेच काम करते आहे.

तिथली व्यवस्था थोडक्यात सांगते. मोठा संघ मेजर लीगमध्ये खेळतो. त्याच्या हाताखाली मायनर लीगचे पायरीपायरीचे संघ असतात. सन २००० मध्ये कार्डिनल्सचे नवशिके टेनेसीतल्या जॉन्सन सिटीत खेळत, वरच्या इयत्ता म्हणजे पिओरिया, पोटोमॅक आणि आर्कान्सा, आणि शेवटची इयत्ता मेम्फिस. मुले विकत न घेता आपल्याच संघांत घडवायची ही पद्धत प्रथम मोठ्या प्रमाणावर राबवली ती याच कार्डिनल्सच्या ब्रँच रिकी यांनी, १९२० नंतरच्या वर्षांत. फेब्रुवारीच्या मध्याला सगळे संघ फ्लोरिडा किंवा ॲरिझोनाच्या उबदार हवेत सरावासाठी जमतात. सुमारे सहा आठवडे सराव चालतो आणि मग ठरते की कोण मोठ्या संघात राहणार आणि कोण खालच्या पायरीवर परत जाणार. त्या सरावाच्या आधी, ऐन थंडीत, होनहार पोरांच्या याद्या निघतात.

या याद्या करणाऱ्यांची एक रीत मला फार आवडली. पारखी, ज्यांना तिथे स्काउट म्हणतात, प्रत्येक कौशल्याला २० ते ८० या पट्टीवर गुण देतात. चेंडू बॅटवर घेणे, दूर मारणे, धावणे, क्षेत्ररक्षण, फेक, अशी पाच कौशल्ये धरतात. ५० म्हणजे मेजर लीगमधल्या सर्वसाधारण खेळाडूइतके. आणि प्रत्येक कौशल्यापुढे दोन रकाने असतात. एकात आजचे गुण, दुसऱ्यात पुढे हा पोरगा कुठवर जाईल त्याचा अंदाज. एखाद्याला आज ३० आणि पुढे ६० मिळतात, एखाद्याला आज ४५ आणि पुढेही ४५. आपल्या प्रगतिपुस्तकात पहिलाच रकाना आहे. दुसरा आपण मनातल्या मनात भरतो आणि बहुतेक वेळा पहिल्याचीच नक्कल करतो.

दुसरी रीत म्हणजे आकडा आला कुठून, हे विचारण्याची. अल्बुकर्क हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे पाच हजार फूट उंचावर आहे. तिथे हवा विरळ, त्यामुळे चेंडू दूर जातो. तिथे मारलेले होमरन पारखी जसेच्या तसे धरत नाहीत. मुलगा कोणत्या वयात कोणत्या पायरीवर खेळतो, हेही पाहतात. विसाव्या वर्षी जे जमते त्याची किंमत पंचविसाव्या वर्षी जमण्यापेक्षा जास्त. आणि धावांपेक्षाही पारख पाहतात. चार वाईट चेंडू न मारता सोडले तर फलंदाजाला फुकट पहिला बेस मिळतो, त्याला वॉक म्हणतात. तीन वेळा चुकला तर तो बाद होतो, त्याला स्ट्राइकआउट म्हणतात. वॉक जास्त आणि स्ट्राइकआउट कमी, तर पोराची नजर पक्की आहे, वरच्या पायरीवरही टिकेल, असे मानतात. पालकहो, घरी दोन-दोन शिकवण्या असलेल्या मुलाचे ८५ आणि शाळा सुटल्यावर वडिलांच्या दुकानात बसणाऱ्या मुलीचे ६८ आपण एकाच तराजूत टाकतो, तेव्हा अल्बुकर्कची हवा विसरतो.

आता २००१ च्या फेब्रुवारीतली कार्डिनल्सची यादी पाहू. जावईबापूंनी ती मला तोंडपाठ म्हणून दाखवली होती. तेव्हाच्या कार्डिनल्सच्या तरुण पोरांतली तीन नावे मी सांगते. आज इतक्या वर्षांनी त्यांचे पुढे काय झाले ते आपल्याला माहीत आहे.

पहिला रिक अँकील, डावखुरा पिचर. सन २००० च्या आरंभी देशभरातल्या होनहार पोरांत बेसबॉल अमेरिका या नामांकित नियतकालिकाने त्याला पहिला क्रमांक दिला होता. त्या वर्षी एकवीस वर्षे पूर्ण होता होता त्याने मोठ्या संघातून ११ सामने जिंकून दिले आणि १९४ फलंदाज स्ट्राइकआउट केले. ३ ऑक्टोबर २००० ला बाद फेरीच्या सामन्यात एकाच डावात त्याच्या हातून पाच चेंडू भरकटले, यष्टिरक्षकाच्याही आवाक्याबाहेर. तेव्हा हाताला दुखापत नव्हती, ताकद तीच होती, पण चेंडू हवा तिथे जाईना. २००१ च्या मे महिन्यात त्याला मेम्फिसला आणि तिथून थेट नवशिक्यांच्या जॉन्सन सिटीला पाठवावे लागले. तेव्हा तो गुणवत्ता यादीतला पहिला मुलगा एकवीस वर्षांचा होता.

दुसरा बड स्मिथ, तोही डावखुरा पिचर. प्रतिस्पर्ध्याला पूर्ण सामन्यात एकही हिट मिळू न देण्याला नो-हिटर म्हणतात. २००० साली आर्कान्सात त्याने असे दोन सामने टाकले. ३ सप्टेंबर २००१ ला मेजर लीगमध्ये, सॅन डिएगोविरुद्ध, पुन्हा एक. तेव्हाही वय एकवीस. यादी करणाऱ्यांचा अंदाज अचूक ठरला, असे त्या रात्री सगळे म्हणाले असतील. पुढच्याच वर्षी त्याला दुसऱ्या संघाकडे देण्यात आले, खांद्याने दगा दिला, आणि २००२ नंतर तो मेजर लीगमध्ये दिसला नाही.

तिसरा अल्बर्ट पुजोल्स. जन्म डॉमिनिकन प्रजासत्ताकातला. १९९६ मध्ये कुटुंबाबरोबर अमेरिकेत आला, नवी भाषा, नवी शाळा. १९९९ च्या निवडीत, जिला ड्राफ्ट म्हणतात, तेराव्या फेरीत त्याचे नाव पुकारले गेले. त्याच्या आधी ४०१ मुलांची नावे पुकारून झाली होती. शरीर बेढब वाटते, मैदानात नेमका कुठे उभा करावा कळत नाही, अशा शंका पारख्यांनी काढल्या होत्या. २००० मध्ये पिओरियाला त्याने दर हजारी ३२४ च्या सरासरीने फटके मारले, आणि वॉक व स्ट्राइकआउट जवळजवळ सारखे, म्हणजे नजर पक्की. यादीत आता त्याचे नाव वर आले, तरी २००१ च्या संघात त्याला जागा नव्हती. मेम्फिसला तर तो नियमित हंगामात अवघे तीन सामने खेळला होता. फ्लोरिडातल्या ज्युपिटर गावी सराव सुरू झाला. जिथे उभे करतील तिथे तो उभा राहिला आणि मारत राहिला. शेवटी बॉबी बोनिया या अनुभवी खेळाडूच्या मांडीचा स्नायू दुखावला आणि एक जागा मोकळी झाली. २ एप्रिलला पुजोल्स मैदानात उतरला. त्या पहिल्याच हंगामात ३७ होमरन आणि एकमताने सर्वोत्तम नवोदिताचा मान. २०२२ मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ७०३ होमरन होते.

आपल्याकडे म्हणतात, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, तिथेही पूत के पाँव पालने में हेच ऐकले. दोन्ही भाषांतल्या आजीबाईंचा अनुभव खोटा म्हणण्याची माझी छाती नाही. पाय दिसतात, पण ते किती चालतील, कोणत्या रस्त्याने, आणि रस्त्यात कुठे ठेच लागेल, हे पाळण्यात दिसत नाही. वरच्या तिन्ही पोरांची पारख निष्णात लोकांनी केली होती. मिळतील ते सारे आकडे त्यांच्या हाती होते आणि चूक झाली तर संघाचा पैसा बुडत होता. तरीही त्यांची यादी एका वर्षापुरतीच खरी ठरते, म्हणून दर हिवाळ्यात ती नव्याने केली जाते. पुजोल्सबाबत १९९९ चीच यादी कायम ठेवली असती तर?

इथे कोणी म्हणेल, शेवटी तो संघही निवडच करतो ना. करतो. मोठ्या संघात तेव्हा पंचवीसच जागा होत्या. पण संघात आणि शाळेत एक मोठा फरक आहे. सरावाच्या शेवटी संघ नको असलेल्या पोराला निरोप देऊ शकतो, आणि मायनर लीगमधली बहुतेक मुले मेजर लीगपर्यंत कधीच पोहोचत नाहीत. आपल्याला कोणाला निरोप देण्याचा अधिकार नाही. जे मूल आपल्या पटावर आहे, ते दहावीपर्यंत आपलेच आहे. आणि निरोप देण्याचा अधिकार असलेला संघसुद्धा ४०२ व्या क्रमांकाच्या मुलाला बॅट हातात देतो, वर्षभर रोज खेळवतो, त्याच्यावर प्रशिक्षक नेमतो. तेराव्या फेरीचा म्हणून त्याला कमी चेंडू टाकत नाही. आपण वेगळी तुकडी करून उत्तम शिक्षक तिकडे दिले, तर उरलेल्या मुलांचे चेंडूच कमी करू. मग ती मागे पडली की म्हणू, बघा, आमची निवड बरोबर होती.

अँकीलची गोष्ट मात्र पहिल्या क्रमांकाच्या मुलांच्या पालकांनी लक्षात ठेवावी. त्याच्या मनात काय झाले ते मी सांगू शकत नाही. एवढे दिसते की पहिल्या क्रमांकाचा मुलगाही एका दिवसात अडखळू शकतो, आणि तेव्हा त्याला उभे राहायला जागा लागते. त्याच्या संघाने त्याला खालच्या इयत्तेत नेले, लोकांच्या नजरेआड खेळू दिले. पुढे २००५ मध्ये त्याने पिचिंग सोडले आणि फलंदाज म्हणून पुन्हा पहिल्या पायऱ्यांपासून सुरुवात केली. ९ ऑगस्ट २००७ ला तो सेंट लुईसच्या मैदानावर परतला आणि त्या दिवशी त्याने होमरन मारला. आपल्याकडे गणित सोडून वाणिज्य घेणाऱ्या मुलाला घरात कसे वागवले जाते, हे मी दरवर्षी पाहते. त्या मुलाला घरात मान खाली घालावी लागू नये, एवढीच विनंती.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे माझा प्रस्ताव असा आहे. यादी जरूर करू, कारण पारख न करणे हाही आळसच. पण नववीच्या प्रत्येक मुलामुलीच्या पानावर दोन रकाने असतील, आज कुठे आणि पुढे कुठवर. शेजारी गुण कोणत्या परिस्थितीत मिळाले याची एक ओळ वर्गशिक्षक लिहितील. हे पान जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीत नव्याने भरले जाईल, मागचे न पाहता. सायंकाळचा जादा वर्ग भरेल, पण त्यात बसणारी मुले दर तिमाहीला बदलू शकतील. कोणी पहिला आला म्हणून वर्षभराची जागा पक्की नाही आणि कोणी बेचाळिसावा आला म्हणून दार बंद नाही. आणि गणित-विज्ञानाचे ज्येष्ठ शिक्षक दोन्ही तुकड्यांना शिकवतील. त्यासाठी वेळापत्रकात आठवड्याला सहा तासिका हलवाव्या लागतात. तेवढा हिशेब मी करून ठेवला आहे आणि पुढच्या बैठकीत ठेवणार आहे.

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षा आता दारात आहे. निकालाच्या कागदावर जो आकडा येईल तो पहिल्या रकान्यातला असेल, आणि तो चांगला यावा म्हणून मन लावून अभ्यास करा. दुसरा रकाना आम्ही शिक्षक पेन्सिलीने भरतो. तुम्ही तो खोडायला लावलात तर आम्हाला आनंदच होईल.

सर्वांना परीक्षेसाठी मनःपूर्वक शुभेच्छा.

आपली,
मुख्याध्यापिका