मोहाखालचे अस्वल

चैत्र लागला, की विदर्भाच्या अरण्याचे रूप पालटते. सागाची पाने गळून गेलेली असतात, पळसाचा बहर ओसरू लागतो आणि नाल्यांचे पाणी आटून डबक्यांपुरते उरते. अशा उघड्याबोडक्या रानात मोह मात्र फुलतो. त्याची फिकट पिवळसर, रसाळ फुले रात्री उमलतात आणि पहाटे टपटप खाली पडतात. त्यांचा उग्र गोड वास दूरवर दरवळत राहतो. या फुलांचे वाटेकरी दोन : माणूस आणि अस्वल. गावातील बायका व मुले टोपल्या घेऊन उजाडण्याच्या सुमारास येतात. अस्वल त्याआधी, काळोखात येऊन पोट भरून जाते. दोघांच्या वेळा सांभाळल्या गेल्या, तर कोणाचेच काही बिघडत नाही. त्या चुकल्या, तर मात्र अनर्थ ओढवतो.

ही हकिकत 1961 सालची, तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातील नागझिऱ्याच्या परिसरातली आहे. वन्यजीव संरक्षण कायदा झाला तो 1972 साली. आज अस्वल त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याची शिकार हा गुन्हा आहे. त्या काळी मात्र वनखात्याचा परवाना काढून हौशी शिकारी रानात येत असत. असाच एक तरुण कारकून नागपुराहून आला होता. त्याच्या परवान्यात एका अस्वलाची मुभा होती, आणि ते मिळवल्यावाचून परतायचे नाही, असे तो कचेरीतील मित्रांना सांगून आला होता. असे सांगून निघणे सोपे असते!

त्याला वाटाड्या म्हणून एक वृद्ध गोंड मिळाला. त्या म्हाताऱ्याचा डावा डोळा गेलेला होता आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत एक वाकडा व्रण उतरला होता. पहिल्या रात्री शेकोटीपाशी तरुणाने त्याविषयी विचारले. म्हातारा काही वेळ निखारे सारखे करीत राहिला. मग त्याने सांगितले, ते एवढेच : कोण्या एका शिकाऱ्याने सांजवेळी अस्वलावर गोळी झाडली. ती त्याच्या मागच्या पायाला लागली. ‘सकाळपर्यंत मरेल’, असे म्हणून शिकारी निघून गेला. ते मेले नाही. सकाळी म्हातारा मोह वेचायला गेला, तेव्हा ते करवंदीच्या जाळीत दडून बसले होते.

“त्याचा काय दोष जी?” म्हातारा म्हणाला, आणि त्याने तो विषय तेथेच सोडला.

दुसऱ्या दिवशी दोघांनी माग काढला. नाल्याच्या ओल्या वाळूत मागच्या पायाचा ठसा उमटला होता. अस्वलाचा हा ठसा माणसाच्या अनवाणी पावलासारखा दिसतो, म्हणून नवखा मनुष्य हटकून फसतो. पुढच्या पंजाच्या ठशापुढे मात्र लांब नखांच्या रेघा उठतात. जवळच एक वारूळ उकरलेले होते. अस्वलाला वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी ओढून घेते; आधी जोराने फुंकून माती उडवते आणि मग ओठांची नळी करून शोषू लागते. लोहाराच्या भात्यासारखा तो आवाज शांत रानात बऱ्याच लांबवर ऐकू येतो. युरोपातील पहिल्या अभ्यासकांनी याची लांब नखे पाहून त्याला दक्षिण अमेरिकेतील स्लॉथ नावाच्या मंद प्राण्याच्या कुळात घातले होते. ज्याने अस्वलाला रानात धावताना पाहिले आहे, त्याला या चुकीचे हसू आल्याशिवाय राहणार नाही.

माग एका टेकडीच्या उतारावरील मोठ्या मोहाकडे जात होता. झाडाखाली ताजी विष्ठा पडली होती आणि तीत मोहाची फुले दिसत होती. म्हाताऱ्याने समाधानाने मान हलवली.

तिसऱ्या दिवशी अजून काळोख असतानाच ते निघाले. म्हाताऱ्याच्या कनवटीला राखेची पुरचुंडी होती. दर वीस-पंचवीस पावलांवर तो चिमूटभर राख सोडी आणि ती कोणीकडे जाते ते पाही. अस्वलाची नजर अधू असते, कानही फारसे तिखट नसतात. पण नाक असे तीक्ष्ण, की वाऱ्यावर माणसाचा वास गेला म्हणजे सारा खटाटोप फुकट. पहाटेच्या वेळी गार हवा टेकडीवरून खाली नाल्याकडे घसरत येते. म्हणून ते दोघे खालून, नाल्याच्या बाजूने चढत होते. परंतु टेकडीचे तोंड पूर्वेला होते. ऊन पडून जमीन तापू लागली, की हीच हवा उलटून वर चढू लागणार. नेम धरण्यासाठी उजेड हवा, आणि उजेड झाला की वारा फिरणार! मधली थोडी घटका तेवढी शिकाऱ्याची.

वाळलेल्या पानांवर पाऊल पडले, की पापड मोडल्यासारखा आवाज होई. म्हाताऱ्याने आपल्या वहाणा केव्हाच काढून ठेवल्या होत्या. तरुणानेही बूट काढले. काटे रुतत होते. तरी तो एक एक पाऊल चाचपून टाकत होता. शेवटी एका ऐनाच्या बुंध्यामागे दोघे बसले. समोर चाळीस पावलांवर मोह होता, आणि त्याच्याखाली काळोखाचा एक गोळा हलत होता. मचमच, मचमच असा खाण्याचा आवाज येत होता. मध्येच एखादे फूल पानावर टपकन पडे.

तरुणाच्या छातीत धडधड होऊ लागली. बंदुकीची माशी अजून दिसत नव्हती. तो थांबला. आकाश पांढुरके झाले, मग तांबूस. काळ्या गोळ्याला हळूहळू आकार आला : लांबट फिकट तोंड, विस्कटलेले केस, छातीवर पांढरट पट्टा. त्याने बंदूक खांद्याला लावली. तेवढ्यात अस्वल वळले आणि त्याच्या पाठीवरचा केसांचा झुबका आपोआप हलला. तो झुबका नव्हता, पिल्लू होते. आईच्या केसांत नखे रुतवून ते ऐटीत बसले होते.

तरुण घुटमळला, पण बंदूक खाली आली नाही. इतक्या दिवसांची ईर्षा अशी एका क्षणात मावळत नाही. खाली नाल्याच्या वळणावर बायकांच्या बोलण्याचा अस्पष्ट आवाज आला. कोणीतरी हसले. त्या दिवशी गावातली माणसे रोजच्यापेक्षा लवकर निघाली होती.

म्हाताऱ्याचा हात बंदुकीच्या नळीवर आला. दोन दिवसांत त्याने त्या बंदुकीला बोटही लावले नव्हते.

“साहेब, नेम बसला तर ठीक जी,” तो अगदी हळू म्हणाला. “नाही बसला, तर ती खाली नाल्याकडे पळन. अन् नाल्यातून बाया येऊन राहिल्या.”

तरुणाने त्याच्याकडे पाहिले. व्रणाची बाजू त्याच्याकडेच होती. उगवतीचा उजेड त्यावर पडला होता. तरुणाचा स्वतःच्या नेमावर विश्वास किती होता, हे त्याचे त्यालाच ठाऊक. पण त्याने चापावरचे बोट काढले.

तेवढ्यात त्याच्या मानेला मागून गार झुळूक लागली. वारा फिरला होता. मादी मागच्या दोन पायांवर उभी राहिली, नाक वर करून तिने हवा हुंगली, एकदा फुत्कारली, आणि पिल्लासह टेकडी चढून दिसेनाशी झाली. गडगडत आलेले दोन दगड तेवढे मोहापाशी येऊन थांबले.

म्हाताऱ्याने उठून खाकरा काढला आणि नाल्याकडे तोंड करून एक लांब हाक दिली. थोड्याच वेळात टोपल्या घेतलेल्या सात-आठ बायका आणि एक लहान मुलगी वर आली. मुलीने बंदुकीकडे पाहिले, मग शिकाऱ्याच्या अनवाणी पायांकडे.

“काय मारलं जी?” तिने विचारले.

“काई नाई,” म्हातारा म्हणाला. “ती आपला वाटा खाऊन गेली. आता तुमचा वेचा.”

बायका हसत हसत झाडाखाली बसल्या. तरुणाने बंदुकीतील दोन्ही काडतुसे काढून खिशात टाकली आणि तो पायातील काटे काढू लागला. एक काटा खोलवर रुतला होता. तो काही केल्या निघेना, तेव्हा त्या मुलीने टोपली बाजूला ठेवली आणि बाभळीचा दुसरा काटा आणून त्याच्या हातात दिला.