दोन घास कमी
सत्तरीकडे झुकलेले ते भुसार व्यापारी रात्री दुकान वाढवून घाईघाईने जेवत आणि लगेच आडवे होत. पोट फुगे, ढेकर दाटत. मग सोडा आणि चूर्ण. सोडाच पोटात वायू सोडतो, हे सुनेने समजावले. पुढे सूर्यास्तापूर्वी भोजन, सावकाश चर्वण, कडधान्ये बेताने, नंतर शतपावली आणि ऊनोदरीचे दोन घास कमी, असा क्रम बसला. महिन्याभरात फुगारा ओसरला. तरीही मुलाने त्यांना डॉक्टरांकडे नेलेच. कारण उतारवयात नव्याने जडलेली, न हटणारी पोटफुगी किंवा घटते वजन चूर्णाखाली झाकू नये. सुदैवाने तपासणीत काही निघाले नाही. आता गल्ल्याचा हिशेब रात्री मिटतो, पोटाचा मात्र सूर्यास्तापूर्वीच.